दुसरी प्रत दुसऱ्या गावात

तारीख १७ जून, सकाळचे सव्वानऊ. रक्कम एकशे तीस रुपये. खोलीत हजर आम्ही तिघं: वत्सलावहिनी, माझी मुलगी तन्वी आणि मी. धुळ्याच्या घरात पुढच्या खोलीतल्या टेबलावर वसंतनानांचा फोन वाजला आणि तिघंही दचकलो. नानांना जाऊन अकरा दिवस झाले होते, दुसऱ्या दिवशी तेरावं होतं. त्या फोनला कोणी हात लावत नव्हतं. वहिनी फक्त रोज सकाळी तो चार्जिंगला लावायच्या, नाना लावायचे त्याच वेळेला. तन्वीने फोन उचलून वाचलं. "महिन्याचे पैसे कापले गेले नाहीत म्हणतात. साठा भरलाय. पैसे आले नाहीत तर फाइली काढून टाकल्या जाऊ शकतात." वहिनींनी विचारलं, "कोण काढणार?"

पैसे का कापले गेले नाहीत, ते मला माहीत होतं. सहाव्या दिवशी मृत्यूचा दाखला हातात आला आणि सातव्या दिवशी मी बँकेत जाऊन रीतसर कळवून आलो. गेलेल्या माणसाच्या खात्यातून एक रुपयाही इकडेतिकडे होऊ नये, हा माझा स्वभाव. मी जळगावात एका डाळ मिलमध्ये अठ्ठावीस वर्षं हिशेब लिहितो. बँकेने खातं गोठवलं आणि नानांच्या इंटरनेटवरच्या साठ्याचे, तन्वीच्या भाषेत क्लाउडचे, एकशे तीस रुपये अडकले. म्हणजे भीतीची सुरुवात माझ्याच हाताने झाली होती, आणि तीही बरोबर वागल्यामुळे.

वसंतनाना माझे चुलतभाऊ, माझ्याहून सोळा वर्षांनी मोठे. आमचे आजोबा एक. नाना धुळ्यात एका शाळेत मुख्य लिपिक होते आणि निवृत्तीनंतरही लिपिकच राहिले, फक्त आता शाळेऐवजी सगळ्या भाऊबंदांचे. कोणाचा सातबारा, कोणाची सेवापुस्तिका, कोणाच्या बायपासचे रिपोर्ट, सगळं त्यांच्या लोखंडी कपाटात. मागायला गेलं की कपाट उघडायचे, न बघता हात आत घालायचे आणि नेमका तोच कागद बाहेर यायचा. "बठ्ठं जागावर शे," सगळं जागेवर आहे, असं म्हणायचे. एरवी नाना शहरी मराठी बोलत. हे एवढं वाक्य मात्र नेहमी अहिराणीत. लहानपणी तापात माझी आजी डोक्यावर हात ठेवून जे काही पुटपुटायची, त्याने जसं बरं वाटायचं, तसं मला या वाक्याने वाटायचं.

निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी बरा कॅमेरा असलेला फोन घेतला आणि एकेका कागदाचा फोटो काढून क्लाउडवर चढवायला लागले. शिकवलं तन्वीने, तेव्हा ती सहावीत होती. तिने नीट सांगितलं होतं, माणसांच्या नावाने कप्पे करा, वर्ष टाका. नानांनी ऐकून घेतलं आणि आपलंच केलं. त्यांच्या क्लाउडवर पहिला कप्पा 'लोखंडी कपाट'. त्याच्या आत 'वरचा कप्पा', 'मधला कप्पा', 'खालचा कप्पा', 'चोरकप्पा'. मधल्या कप्प्याच्या आत 'हिरवी पिशवी', 'लाल दोरीचं बाड', 'साड्यांच्या खाली'. घरातलं कपाट जसं होतं, तसंच्या तसं. तन्वी खूप हसली. "नानाकाका, इथे नाव टाकलं की लगेच सापडतं. साड्यांच्या खाली कशाला ठेवता?" नाना म्हणाले, "बेटा, नाव माणूस विसरतो. हात विसरत नाही." वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "तिथे तरी माझ्या साड्या आहेत का बघ गं. खऱ्या कपाटात आता कागदच राहिलेत."

त्यानंतर साथीचं वर्ष आलं. टाळेबंदी लागली तेव्हा नाना-वहिनी आमच्याकडे जळगावला आलेले होते, ते तीन महिने अडकले. दुपारी जेवण झालं की नाना गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि "तुझा फोन दे जरा, अर्धा तास" म्हणून माझा फोन मागायचे. काही कागद ठेवतोय तुझ्याकडे, एवढं म्हणाले होते. मला तेव्हा मिलच्या पगारांची काळजी होती, मी बघितलं नाही. धुळ्याला परतल्यावर कपाट उघडलं तर खालच्या कप्प्याला वाळवी लागलेली. बंद घर, ओल... खालच्या कप्प्यातले बहुतेक मूळ कागद हातात घेताच भुसा झाले. मला वाटलं, नाना आजारी पडतील. फोन केला तर शांत. "फोटो आहेत ना सगळ्यांचे. वाळवीला पासवर्ड माहीत नसतो," म्हणाले. तेव्हापासून महिन्याला एकशे तीस रुपये भरून त्यांनी जागा वाढवून घेतली होती. पासवर्ड कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता.

त्या भुशात आमच्या आजोबांच्या शाळेचा उतारा होता. तो कागद काय, ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. तन्वी यंदा बारावी झाली. फार्मसीला चांगले गुण आहेत. पण आमच्या प्रवर्गातल्या मुलांना प्रवेश टिकवायचा तर जात पडताळणीचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्याला पुरावा लागतो वडिलांच्या, आजोबांच्या, पणजोबांच्या वेळचा. तन्वीच्या पणजोबांचं नाव स्वातंत्र्याच्या आधी भडगाव तालुक्यातल्या एका खेड्यात पहिलीच्या वर्गात नोंदलं गेलं होतं. पुढे ती शाळा बंद झाली, रजिस्टरं तीन गावांच्या तीन शाळांत वाटली गेली. नानांनी तरुणपणी महिनाभर हिंडून तो उतारा मिळवला होता. आमच्या सगळ्या घराण्यात तो एकच. मे महिन्याच्या अखेरीस समितीचं त्रुटीपत्र आलं: पणजोबांच्या नोंदीचा संदर्भ ३० जूनपर्यंत सादर करावा. मी नानांना फोन केला. "काळजी नको करू भाऊ, बठ्ठं जागावर शे. रविवारी ये, काढून देतो," म्हणाले. तो बुधवार होता. शुक्रवारी सकाळी आंघोळ करून, घड्याळ मनगटाला बांधून नाना खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. रविवारी मी धुळ्यातच होतो, पण त्या कामासाठी नव्हे.

तर १७ तारखेला तो संदेश आला आणि तन्वीने आधी तो उतारा शोधला. खालचा कप्पा, निळी फाइल, 'आजोबा उतारा'. मिळाला. तिने स्वतःकडे उतरवून घेतला, आम्ही तिघांनी श्वास सोडला. तेराव्यानंतर वहिनींनी तो फोन माझ्या हातात दिला. "तुम्हीच बघा भाऊजी काय ते. मला ते वाजलं की धडकी भरते." मी म्हटलं, बघतो. आणि जे बघितलं ते सांगायला आजही लाज वाटते.

खरं तर एकशे तीस रुपये मी माझ्या कार्डाने भरू शकलो असतो. पण गेलेल्या माणसाच्या नावाने दर महिन्याला पैसे भरत राहणं मला बरोबर वाटेना. वर्षाचे एक हजार पाचशे साठ. कुठवर? फुकटची मर्यादा पंधरा जीबी, नानांचा माल एकवीस जीबी. सहा कमी केले की प्रश्न मिटला. २० तारखेला मिलमध्ये जेवणाच्या सुट्टीत मी माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर नानांचं खातं उघडलं. यादी बघितली आणि मला जवळजवळ आनंद झाला. प्रत्येक कागद तीन-तीनदा. 'उतारा', 'उतारा (१)', 'उतारा (२)'. 'खरेदीखत', 'खरेदीखत (१)', 'खरेदीखत (२)'. मला वाटलं, नानांचं बोट दोनदा जास्त दाबलं गेलं असणार. तरी मी तपासलं. न तपासता मी काही करत नाही. यादीच्या वरच्या दहा नावांचे तिन्ही फोटो उघडून पाहिले, दहाच्या दहा हुबेहूब सारखे. मग खाली उतरत गेलो आणि कंसातले एक आणि दोन काढत गेलो. एक हजार तीनशे अडुसष्ट फाइली. त्या केराच्या टोपलीत गेल्या, तरी जागा मोकळी होईना, कारण टोपलीतला मालही साठ्यात धरतात. म्हणून टोपली रिकामी केली. 'कायमचं काढून टाकायचं?' असं विचारलं त्याने. मी 'हो' दाबलं. साठा उरला तेरा पूर्णांक नऊ जीबी. मी ते वहीत लिहून ठेवलं आणि डबा खाल्ला.

सोमवारी, २३ तारखेला, समितीच्या कार्यालयात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी उताऱ्याची छापलेली प्रत हातात घेतली, उलटली. मागे कोरं. "पाठ कुठे आहे?" मी म्हटलं, "कसली पाठ?" "अहो काका, पत्रात लिहिलंय ना, नोंदीचा संदर्भ. रजिस्टर नंबर, पान, ते रजिस्टर आता कोणत्या शाळेत आहे, ते उताऱ्याच्या मागे लिहिलेलं असतं. आमचा माणूस मूळ नोंद बघणार कुठे जाऊन? तीसच्या आत आणा. मग माझ्या हातात काही नाही." मी बाजूच्या बाकावर बसलो, नानांचा फोन काढला. 'आजोबा उतारा'. पुढची बाजू. दुसरी फाइलच नाही.

त्या बाकावर मला कळलं की कंसातला एक म्हणजे काय. एक म्हणजे पाठ. दोन म्हणजे शिक्का, जवळून. नाना जुने लिपिक, शेरा मागच्या बाजूला असतो हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत... पुढची बाजू, मागची बाजू, शिक्का, हा त्यांचा क्रम. वरचे जे दहा मी तपासले ते अगदी पहिल्या महिन्यातले होते, नाना शिकत होते तेव्हाचे, ते खरोखरच चुकून तीनदा चढलेले. अठ्ठावीस वर्षं डाळीच्या धंद्यात आहे मी. पोत्याच्या तोंडचा नमुना कोणी घेत नाही, नळी पोटात खुपसून घेतात, हे हमालसुद्धा सांगेल. मी तोंडचे दहा दाणे पाहून अख्खं गोदाम पास केलं होतं.

तिथूनच क्लाउडवाल्या कंपनीच्या मदतीच्या पानावर लिहून विचारलं, टोपली रिकामी केल्यावर फाइल परत मिळते का. उत्तर आलं, खातेदाराने विनंती करावी. मी लिहिलं, खातेदार वारले आहेत. उत्तर आलं, कृपया खातेदाराशी संपर्क साधा.

घरी तन्वीने दारातच विचारलं, "झालं ना पप्पा काम?" मी म्हटलं, "झालं." मुलीशी मी खोटं बोलल्याचं मला आठवत नाही, पण त्या दिवशी बोललो. तिने मैत्रिणीला फोन करून सांगितलंही. पुढचे दोन दिवस मी मिलमध्ये बेरजा चुकत होतो. आमचे शेठ म्हणाले, "भाऊ, आज हे तिसऱ्यांदा. तब्येत बरी आहे ना?" जेवताना तन्वी होस्टेलचं बोलायची आणि मी मनात दिवस मोजायचो. तीन गावांच्या शाळा, प्रत्येकीत डझन-डझन रजिस्टरं, सही-शिक्क्याला मुख्याध्यापक जागेवर हवेत, हातात शनिवार-रविवार धरून सात दिवस. मी कागदावर मांडून पाहिलं. उत्तर दर वेळी एकच येत होतं, पोरीचं वर्ष जाणार.

आणि सारखी आठवत होती ती नानांनी सांगितलेली गोष्ट. चार-पाच वर्षांपूर्वी आम्ही एका लग्नाहून एसटीने परतत होतो, पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा नानांनी बाहेर बोट दाखवलं. "इथून आत सात किलोमीटरवर माझी पहिली शाळा." नोकरीचं दुसरं वर्ष होतं. तपासणी येणार म्हणून हेडमास्तरांनी सांगितलं, ऑफिस आवरा. नानांनी दोन दिवस खपून सगळे सुटे कागद बाडांत बांधले, चकाचक केलं, शाबासकी मिळाली. त्यात एका मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला दुसऱ्याच बाडात बांधला गेला. ती नर्सिंगला जाणार होती. तिचा बाप तीनदा येऊन गेला. नाना शोधत राहिले. दाखला सापडला तेव्हा प्रवेशाची मुदत होऊन गेली होती, आणि पुढच्या वर्षापर्यंत तिचं लग्न. "पुढे वीस वर्षांनी मी भडगावला तिच्या घरी गेलो," नाना म्हणाले. "माफी मागायला. तिला काही आठवेना. कोणता दाखला, म्हणाली. चहा केला मला. तिला माहीतच नव्हतं रे तिचं काय गेलं ते." मग खिडकीकडे बघत म्हणाले, "पसारामा काही हारपत नही भाऊ. आवरताना हारपस." पसाऱ्यात काही हरवत नाही, आवरताना हरवतं. तेव्हा मी मान हलवली होती. ऐकणं आणि कळणं यात पाच वर्षांचं अंतर पडलं.

त्या दोन दिवसांत मला आणखी एक कळलं. नाना शांत स्वभावाचे आहेत, असं आम्ही सगळे समजत होतो. ते शांत नव्हते. ते पंचेचाळीस वर्षं घाबरलेले होते. पुढची बाजू, मागची बाजू, शिक्का... हा नेटकेपणा नव्हता, ही भीती होती, आणि ती त्यांनी आमच्यासाठी वापरली. 'बठ्ठं जागावर शे' हे ते आम्हाला सांगत होते की स्वतःला, कोण जाणे.

गुरुवारी, २६ तारखेला, मी रजा टाकून धुळ्याला गेलो. एरंडोल, पारोळा, फागणे, सगळ्या रस्ताभर वाक्य जुळवत होतो. वहिनींना काय सांगायचं? नवऱ्याचं सहा वर्षांचं काम मी एका जेवणाच्या सुट्टीत पुसलं, हे? दारात त्यांनी पाणी दिलं, मी ते घेतलं नाही. उभ्याउभ्याच सांगितलं. आकडा सांगितला, तारीख सांगितली, एकशे तीस रुपयांचंही सांगितलं. वहिनी ऐकत होत्या. मला वाटलं रडतील, नाहीतर बोलतील. त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"पाठी गेल्या म्हणता."

"हो."

"सगळ्या?"

"सगळ्या, वहिनी."

"इथल्या गेल्या," वहिनी म्हणाल्या. "पण दुसरी प्रत दुसऱ्या गावात असणार. त्याच खोलीत नक्कल ठेवली तर ती नक्कल कसली, असं म्हणायचे. माझ्या माहेरच्या वाटणीपत्राची प्रत तुमच्या भावाने वरणगावला माझ्या बहिणीकडे ठेवली होती, तिला न सांगता. गव्हाच्या कोठीमागे. तिने भिंत पांढरी करायला कोठी हलवली तेव्हा कळलं तिला."

वहिनींना फोनवर फोटो नीट उघडता येत नाही. पण त्यांना नाना माहीत होते.

"तुमच्याकडे तीन महिने होते ना ते, साथीच्या वेळी?" त्या म्हणाल्या. "रोज दुपारी तुमचा फोन घेऊन काय करत होते, पत्ते खेळत होते का?"

माझ्या फोनमध्ये माझं स्वतःचंही खातं आहे, सगळ्यांचंच असतं. मी ते कधी आवरलं नव्हतं. फोन मध्ये बदलला, पण खातं तेच. तिथेच ओट्यावर बसून उघडलं. वहिनी शेजारी येऊन बसल्या. मला शेवटपर्यंत भीती हीच, की कधीतरी 'जागा भरली' म्हणून संदेश आला असेल आणि मी न बघता काढून टाकलं असेल. मी तसा माणूस आहे, हे आता सिद्ध झालं होतं. तन्वीच्या वाढदिवसांचे फोटो, मिलची जुनी पत्रकं, आणि त्यांच्या खाली एक कप्पा: 'जळगाव माळा'. आत 'पितळी पातेल्यामागे', 'गणपतीच्या मखराखाली', 'सुनीताची शिलाई मशीन'. आमच्या घरचा माळा, तसाच्या तसा. मशीन माझ्या बायकोची, सुनीताची, अजून तिथेच आहे. मखराखाली 'आजोबा उतारा', 'आजोबा उतारा पाठ', 'आजोबा उतारा शिक्का'. जुन्या शाईत, तिरप्या अक्षरात: रजिस्टर चार, पान एकसष्ट, नोंद तीनशे सतरा. त्याखाली नानांच्या पेन्सिलीने त्या शाळेचं नाव, जिथे ते रजिस्टर आता आहे.

वहिनी म्हणाल्या, "आता पाणी घ्या."

दुसऱ्या दिवशी त्या शाळेत गेलो. शिपायाने रजिस्टर चार आणून टेबलावर ठेवलं, त्याच्या कडा वाळवीने खाल्लेल्या, आणि मी डोळे मिटून घेतले. मुख्याध्यापकांनीच पान उलटलं. "आहे हो, आहे. घाबरता काय, मधे काही झालेलं नाही." नवा उतारा, सही, शिक्का. मी तिथेच त्याचे तीन फोटो काढले. पुढची बाजू, मागची बाजू, शिक्का जवळून. सोमवारी ३० तारखेला, दुपारी पावणेदोनला, कागद समितीच्या खिडकीत दिला. त्याच बाईंनी उलटून पाहिला, मान हलवली, पोच दिली. घरी येऊन तन्वीला सगळं सांगितलं, खोटं बोललो तेही. तिने पोच वाचून काढली. मग म्हणाली, "पप्पा, पुढच्या वेळी मला विचारा. मी सहावीत शिकवलंय ते."

सगळं परत मिळालं, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मी पुसलेल्या फाइली एक हजार तीनशे अडुसष्ट. जळगावच्या माळ्यावर सापडल्या एक हजार एकशे चार. साथीनंतर नानांनी धुळ्यात चढवलेल्या दोनशे चौसष्ट फाइली गेल्या त्या गेल्या. त्यात कोणाचं काय होतं याची मी यादी केली आणि भाऊबंदांच्या अकराही घरांना एकेक करून फोन केला. बहुतेकांनी मलाच धीर दिला. भुसावळकडचे एक काका म्हणाले, "गेलं तर गेलं रे, काय होतं त्यात?" मला भडगावची ती बाई आठवली. काय होतं ते त्यांना माहीत नाही, आता मलाही कळायचा मार्ग नाही. माहीत फक्त नानांना होतं. जुलैत तन्वीचं प्रमाणपत्र आलं, पुढे प्रवेशही झाला. पण अजून मिलमध्ये एखादा कागद फाडायचा असला की मी आधी उलटून बघतो.

धुळ्याचं लोखंडी कपाट वहिनींनी तसंच ठेवलंय. साड्या अजून परत आत गेल्या नाहीत. मागच्या आठवड्यात गेलो तेव्हा त्यांनी एक पावती मागितली आणि मी न बघता मधल्या कप्प्यात हात घातला. चुकीचा कागद आला. त्या हसल्या, म्हणाल्या, "येईल हळूहळू." जळगावचा माळा मी आता नानांच्या खात्यातही पुन्हा चढवला आहे, माझ्याकडची प्रत तशीच ठेवून. त्यामुळे ते खातं पंधरा जीबीत बसत नाही.

१७ जुलैला मी माझ्या कार्डाने एकशे तीस रुपये भरले. कंपनीची पावती आली, तिच्यावर नाव नानांचं. घरखर्चाच्या वहीत मी तारीख घातली, रक्कम घातली. 'कोणास दिले' या रकान्यात कंपनीचं नाव लिहायला हवं होतं. मी लिहिलं: वसंतनानांना.